न विचारलेली चाचणी

माझी सही असलेला एक कागद एका माणसाच्या नोकरीवर उठला. त्या कागदावरचा प्रत्येक आकडा बरोबर होता. चार वर्षं होत आली, तरी त्याचा राग माझ्याच्याने गिळवत नाही. आकडा चुकला असता तर मी माफी मागून मोकळी झाले असते.

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामाच्या वर आमची लॅब आहे. कारखान्यांतली तेलं, पाणी, कोळसा, रस्त्याचं डांबर असं सगळं आमच्याकडे तपासायला येतं. मी तेलाच्या टेबलावर असते. बेसातल्या घरून रोज स्कूटीने जाते आणि संध्याकाळी अंगाला पेट्रोल पंपासारखा वास घेऊन परत येते. आई म्हणते, तू फाटकात आली की मले डोळे मिटूनही समजते.

लॅबचे मालक, ज्यांना आम्ही सगळे साहेब म्हणतो, त्यांनी एका बंद पडलेल्या संशोधन विभागातून एक जुनं यंत्र विकत आणलं होतं. डांबराचं काम वाढेल अशी त्यांना आशा होती. ते चालवायला शिकावं म्हणून मला आठ दिवस बाहेरगावी पाठवलं, राहण्याची नीट सोय केली. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे मी साहेबांबद्दल फार चांगलं लिहिणार नाही आणि तो माणूस दुष्ट होता असाही समज मला करून द्यायचा नाही.

डांबराचं काम काही वाढलं नाही. ठेकेदारांना तेवढ्या खोलात शिरायचंच नव्हतं. यंत्रावर प्लास्टिकचं आवरण चढलं. पण मला त्या यंत्राचा लळा लागला होता. कोणतंही काळं, जड तेल वरून एकजीव दिसतं, पण त्यात चार जातीचे घटक असतात. मेणासारख्या शांत स्वभावाचे सॅच्युरेट्स, मग ॲरोमॅटिक्स, मग चिकट रेझिन्स आणि सगळ्यात जड, कोळशाच्या भुकटीसारखे काळे ॲस्फाल्टीन्स. त्यांना वेगळं करायचं तर पेन्सिलीहून बारीक काचेच्या कांड्या घ्यायच्या. कांडीवर सिलिकाचा पातळ थर असतो. खालच्या टोकाशी तेलाचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब सोडायचा आणि कांड्या एका टाकीत उभ्या करायच्या. टाकीच्या तळाशी आधी हेक्झेन हे पातळ द्रावक असतं. ते थरातून वर चढतं आणि सॅच्युरेट्सना आपल्यासोबत नेतं. मग दुसऱ्या टाकीतलं टोल्युइन ॲरोमॅटिक्सना उचलतं, पण अर्ध्या वाटेपर्यंतच. तिसरं मिश्रण रेझिन्सना थोडंसं सरकवतं. ॲस्फाल्टीन्स जागचे हलत नाहीत. मग कांडी हळूहळू हायड्रोजनच्या ज्योतीतून जाते, एकेक गट जळतो, आणि कागदावर चार डोंगर उमटतात. कोणता डोंगर केवढा, त्यावरून कोणता घटक किती ते कळतं.

हे काम घाईने होत नाही. बाहेर दमट असेल तर थर ओल धरतो आणि डोंगर एकमेकांवर चढतात. थेंब पसरला तर सगळं वाया. मला ते जमायचं आणि जमतं याचा मला अभिमान होता. रिकामा वेळ मिळाला की मी आवरण काढायची आणि आलेल्या तेलांपैकी एखादं कांडीवर चढवायची. साहेबांना ते माहीत होतं. ते हसून म्हणायचे, "मॅडमचा छंद आहे."

पावसाळा संपता संपता एका कारखान्यातून फर्नेस ऑइलचा नमुना आला. पुठ्ठा बनवणारा कारखाना, आमच्यापासून दोन चौक पुढे. त्यांचा बॉयलर या तेलावर चालायचा. दर काही महिन्यांनी त्यांचा नमुना यायचा, सोबत तेच छापील पत्र, त्यावर चाचण्यांची तीच यादी. या वेळी यादीतली एक ओळ पेनाने खोडलेली होती. गाळाची चाचणी.

मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "नको असेल त्यांना. उरलेल्या करा."

उरलेल्या केल्या. तेल किती घट्ट, किती तापमानाला पेट घेतं, पाणी किती, राख किती. सगळं मर्यादेत. पण भांडं धुताना तळाशी काळे कण दिसले, भिजवलेल्या चहापत्तीसारखे. बोटाने चोळले तर विरघळेनात. मी गाळणकागदावर एक थेंब टाकला. चांगल्या तेलाचा डाग सगळीकडे सारखा पसरतो. या डागाच्या मध्यभागी काळाकुट्ट ठिपका राहिला आणि बाजूने फिकट कडं.

मग मला राहवेना. यंत्राचं आवरण काढलं. आमच्याकडे जुने नमुने काही महिने जपून ठेवतात, त्यातून याच कारखान्याची आधीची बाटली काढली आणि दोन्ही तेलं शेजारी शेजारी कांड्यांवर चढवली. संध्याकाळपर्यंत डोंगर हातात आले. दुसऱ्या दिवशी नव्या कांड्यांवर पुन्हा केलं. तेच आलं. आधीच्या तेलात ॲरोमॅटिक्स भरपूर होते. नव्यात ते उतरले होते, सॅच्युरेट्स चढले होते, आणि ॲस्फाल्टीन्स मात्र जिथल्या तिथे. याचा अर्थ मला लगेच कळला. ॲस्फाल्टीन्स तेलात तरंगत राहतात ते ॲरोमॅटिक्स आणि रेझिन्स यांच्या आधाराने. कारखान्याच्या टाकीत जुनं तेल असताना कोणीतरी वरून दुसऱ्याच प्रकारचं, मेणकट तेल ओतलं होतं. आधार गेला आणि ॲस्फाल्टीन्स गुठळ्या होऊन खाली बसायला लागले. दोन्ही तेलं वेगवेगळी चांगली असतील. एकत्र चालणार नव्हती.

हे सगळं मी एका वेगळ्या पानावर लिहिलं, आलेख जोडला आणि अहवालासोबत सहीसाठी ठेवलं.

साहेबांनी पान काढून माझ्या हातात दिलं. "हे त्यांनी मागितलंय का?"

"नाही. पण तेल खराब होऊन राहिलंय, सर. त्यांचा बर्नर बंद पडेल."

"मागितलंय का?"

"नाही."

"मग आपण कशाला द्यायचं? उद्या त्यांचा तेलवाला आपल्यावर केस टाकेल. हे यंत्र कोणत्या मान्यतेत बसतं? तुमच्या छंदावर मी लॅब चालवू का?"

मी पान वहीत ठेवलं आणि चार चाचण्यांच्या अहवालावर सही केली. थोडी चिडले, पण फार नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला तेव्हा विसरलेही होते. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

पंधरा-वीस दिवसांनी दुपारी एक माणूस जिना चढून आला. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, शर्टाची कॉलर उसवून पुन्हा शिवलेली. हातात खोकल्याच्या औषधाची एक बाटली, त्यात काळं तेल. जवळच्याच वाडी गावातून मोटरसायकलने आला होता. त्याने सांगितलं की तो त्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात बावीस वर्षांपासून बॉयलरवर आहे. आहे म्हणजे होता. त्याला निलंबित केलं होतं.

आमच्या दाराजवळच्या बाकावर बसून त्याने जे सांगितलं ते असं. एके दिवशी त्याच्या पाळीत बर्नर तीनदा विझला. तेलाच्या वाटेवर एक जाळीची गाळणी असते, ती पाळीत एकदा साफ करायची. त्या दिवशी त्याने ती पाच वेळा साफ केली आणि प्रत्येक वेळी बॉयलरच्या नोंदवहीत लिहिलं. तरी शेवटी बॉयलर बंद पडला. कारखाना तीन दिवस ठप्प. आरोपपत्रात लिहिलं होतं की त्याने गाळणी साफ केली नाही, तेल पुरेसं तापवलं नाही आणि नोंदवहीतल्या नोंदी मागाहून घुसवल्या.

"मॅडम, तेल दुधासारखं फाटून राहिलं होतं," तो म्हणाला. "जाळीवर घट्ट थर बसे. खरडून काढला, तर अर्ध्या घंट्यात पुन्हा तोच. मी सुपरवायझरले दाखवला. तो म्हणे, तू तुझं काम कर."

"मग बंद पडल्यावर त्यांनी तेल पुन्हा तपासलं नाही का?"

"आधीच तपासलेलं हाय म्हणे." त्याने खिशातून घडी केलेला झेरॉक्स काढला. "हे पाहा. तेल चांगलं हाय असं लिहून देलं. मंग दोष माझाच."

तो आमचा अहवाल होता. खाली माझी सही.

"ही सही कोनाची हाय जी?" त्याने विचारलं. मुद्दाम नाही. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"माझी," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्याला उलट बरं वाटल्यासारखं दिसलं, म्हणजे योग्य माणसापर्यंत पोचलो असं. तो म्हणाला, "मंग तुमी एवढं सांगा. तेल चांगलं होतं का?"

आतल्या केबिनच्या काचेतून साहेब बघत होते. मी म्हणाले, "जे तपासलं ते सगळं मर्यादेत होतं."

"मी ते नाई विचारून राहिलो, मॅडम."

मी झेरॉक्सची घडी करून त्याला परत दिली. साहेब बाहेर आले आणि अगदी सभ्यपणे त्याला म्हणाले की असा बाटलीत आणलेला नमुना आम्ही घेऊ शकत नाही, तो कुठून काढला त्याला साक्षीदार नाही, कंपनीने पत्र देऊन पाठवला तर बघू. त्याने ऐकून घेतलं. बाटलीचं झाकण उगाचच पुन्हा घट्ट केलं. मग "बरं जी" म्हणून जिना उतरून गेला.

तो गेल्यावर मी केबिनमध्ये गेले.

"सर, त्याची नोकरी चालली आहे. आपल्या कागदावर."

"आपल्या कागदात काय खोटं आहे?"

"काही नाही."

"मग? आपण न्यायाधीश नाही. पॅथॉलॉजीवाला रक्त तपासतो, डॉक्टर काय करतो ते त्याने बघायचं नसतं."

"हिमोग्लोबिन मोजताना पॅथॉलॉजीवाल्याला त्याच काचेखाली कॅन्सर दिसला, तर तो गप्प बसेल का, सर?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तो कारखाना आपला जुना ग्राहक आहे. इथे आठ माणसं काम करतात, त्यात तुम्हीही. जा, काम करा."

आठ माणसांचा हिशोब त्यांना बरोबर जमायचा. नववा वाडीत राहत होता म्हणून तो मोजायचा नव्हता.

घरी आईने ताट वाढलं. माझ्या आईने आयुष्यभर एका शाळेत आया म्हणून काम केलं. तिच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, आणि त्या दिवसापासून घरात कोणी कोणासमोर उगाच मान खाली घालायची नाही असा त्यांचा दंडक होता, असं ती सांगते. ती त्याचं भाषण करत नाही. फक्त नजर तशी आहे.

"जेवून राहिली का नुसती बसून राहिली वं?" तिने विचारलं.

मी सांगितलं. सगळं नाही, पण तो आला आणि मी काय उत्तर दिलं तेवढं.

"म्हणजे तू खोटं बोलली."

"खोटं नाही बोलले, आई. जे तपासलं ते मर्यादेतच होतं."

"त्यानं काय विचारलं?"

"तेल चांगलं होतं का."

"होतं का?"

"नाही."

"मग," आई म्हणाली आणि माझ्या ताटात भाकरी टाकली.  तेवढा एक शब्द मला जास्त लागला.

मी त्या माणसाला शोधून सांगू शकले असते. वाडी काही लांब नाही. ट्रकांच्या गोदामांमागे भाड्याच्या खोल्या आहेत, दोन ठिकाणी विचारलं असतं तर पत्ता लागला असता. मी गेले नाही. घाबरले होते. आई आजारी असायची, माझ्या वयाच्या बाईला दुसऱ्या लॅबमध्ये कोण घेणार, ही कारणं खरी होती. पण कारणं खरी असल्याने भित्रेपणा कमी होत नाही. त्या दिवसांत मला सगळ्यांचा राग यायचा आणि सगळ्यात जास्त माझाच.

महिनाभराने कारखान्याचं पत्र आलं. त्या कामगाराची खात्यांतर्गत चौकशी सुरू होती आणि अहवालाची खातरजमा करायला लॅबमधून सही करणाऱ्या व्यक्तीला पाठवावं, अशी विनंती होती. म्हणजे मला कंपनीची साक्षीदार म्हणून जायचं होतं.

साहेबांनी बसवून समजावलं. "हो किंवा नाही. विचारलं तेवढंच. आपल्या मनाने काही जोडायचं नाही."

"विचारलं तेवढंच," मी म्हणाले.

मी माझी कामाची वही पिशवीत टाकली. लॅबची फाइलही घेतली, त्यांच्या मूळ पत्रासकट.

कारखान्याच्या ऑफिसात एका लांब टेबलाभोवती सगळे बसले होते. चौकशी अधिकारी म्हणजे बाहेरून नेमलेले एक वयस्कर वकील. कंपनीची बाजू मांडायला एचआरचा एक तरुण अधिकारी, इस्त्रीचा निळा शर्ट, बोलणं गोड. एक टाइपिस्ट. आणि समोर तो, सोबत मदतीला त्याच्याच कारखान्यातला एक फिटर. त्याने मला पाहिलं आणि नमस्कार केला. मी कोणाच्या बाजूने आले आहे ते त्याला माहीत होतं, तरी केला.

एचआरवाल्याने विचारलं, "ही सही तुमची?"

"हो."

"या सर्व चाचण्या तुम्ही स्वतः केल्या?"

"हो."

"सर्व निष्कर्ष विहित मर्यादेत आहेत?"

"या चार चाचण्यांचे आहेत."

"धन्यवाद, मॅडम." तो पाठीमागे टेकला.

चौकशी अधिकाऱ्यांनी त्या माणसाला सांगितलं की आता तुम्ही यांना प्रश्न विचारू शकता. फिटरने लिहून आणलेला कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने पहिले दोन प्रश्न वाचले, नमुना कोणत्या तारखेला आला, कोणी आणला. मी उत्तरं दिली. तिसरा प्रश्न वाचायला लागला आणि थांबला. कागद बाजूला केला. हात टेबलाखाली घेतले.

"मॅडम, या रिपोर्टात लिहिलं नाई, असं काई तुमी या तेलात पाह्यलं का?"



"हो," मी म्हणाले.

एचआरवाला लगेच उठला. अहवालाबाहेरचे प्रश्न विचारता येणार नाहीत, साक्षीदार फक्त अहवाल सिद्ध करायला आली आहे, वगैरे. चौकशी अधिकाऱ्यांनी त्याला हाताने बसवलं.  मग मला म्हणाले, "काय पाहिलं ते सांगा. सावकाश सांगा, टाइप होतंय."

मी वही उघडली. तळाशी दिसलेले कण सांगितले, कागदावरचा डाग दाखवला, तो मी वहीत चिकटवून ठेवला होता. मग कांड्यांबद्दल सांगितलं आणि दोन आलेख शेजारी ठेवले, आधीच्या तेलाचा आणि या तेलाचा. टाइपिस्टला ॲस्फाल्टीन लिहिता येईना, मी अक्षर अक्षर सांगितलं. चौकशी अधिकारी म्हणाले, "साध्या भाषेत?" मी म्हणाले, "तेल फाटलं होतं. दोन वेगळ्या प्रकारची तेलं एका टाकीत एकत्र आल्याने फाटलं."

तो माणूस इतका वेळ टेबलाकडे बघत होता. आता त्याने मान वर केली. "गाळणी तासातासाले साफ केली असती तर?"

"तरी भरली असती. गुठळ्या टाकीत होत होत्या. गाळणीचा त्यात काही दोष नव्हता आणि साफ करणाऱ्याचाही."

एचआरवाल्याला पुन्हा विचारायची परवानगी मिळाली. त्याचा आवाज आता तेवढा गोड नव्हता.

"फर्नेस ऑइलसाठी ठरवून दिलेल्या चाचण्यांत ही तुमची चाचणी आहे का?"

"नाही."

"तुमच्या लॅबला या चाचणीची मान्यता आहे?"

"नाही."

"तुमच्या मालकांनी ही करायला सांगितली होती?"

"नाही."

"म्हणजे तुम्ही हे स्वतःच्या हौसेसाठी केलं."

"हो. पण गाळाची चाचणी ठरवून दिलेल्या यादीत आहे. ती केली असती तरी हेच दिसलं असतं. तुमच्या पत्रात ती खोडलेली आहे." मी फाइलमधलं मूळ पत्र काढून चौकशी अधिकाऱ्यांपुढे ठेवलं. "एवढी वर्षं ती असायची. याच वेळी खोडली."

विचारलं तेवढंच बोलायचं हा शब्द मी तिथे मोडला. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

चौकशी अधिकाऱ्यांनी चष्म्यातून ती पेनाची रेघ पाहिली. "ही कोणी खोडली?"

एचआरवाला म्हणाला, "ते खरेदी विभाग बघतो. त्याचा या आरोपाशी संबंध नाही."

त्याचा संबंध नाही. टाकीत नवं तेल ओतणाऱ्याचा नाही, चाचणी खोडणाऱ्याचा नाही, पान काढून परत देणाऱ्याचा नाही. सगळ्या जिन्यावरून घरंगळत तो दोष शेवटी ज्याच्या हातात खरवडायचं पातं होतं त्याच्यावर येऊन थांबला, आणि या सुशिक्षित माणसांना त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं. मी बाहेर आले तेव्हा माझे कान तापले होते. गेटवरच्या रखवालदाराने माझी पिशवी उघडून पाहिली, कारखान्याचं काही घेऊन तर जात नाही ना म्हणून. तेव्हा मात्र मला हसू आलं.

साहेबांना फोन माझ्याआधी पोचला होता. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "तुम्हाला काढायचं तर मला आजच काढता येईल. काढत नाही, कारण तुमच्यासारखं काम करणारं दुसरं माझ्याकडे कोणी नाही. पण यापुढे पत्रात नसलेली चाचणी झाली तर मी ऐकणार नाही." त्याच आठवड्यात हायड्रोजनचं सिलिंडर गाडीत घालून परत पाठवलं. त्याशिवाय यंत्र म्हणजे लोखंडाचा खोका. पुढे ते कोणीतरी घेऊन गेलं. कांड्यांचा एक डबा माझ्या टेबलाच्या खणात राहून गेला. त्या कारखान्याचे नमुने यायचे थांबले.

मी नोकरी सोडली नाही. मैत्रिणी म्हणाल्या, सोडायला हवी होतीस. त्यांना सोपं आहे. मी राहिले आणि एक गोष्ट सुरू केली. आमच्या अहवालात अगदी वर 'नमुन्याचे वर्णन' असा रकाना असतो. तिथे सगळे 'काळा द्रव' असं लिहून पुढे जातात. डोळ्याने दिसतं ते लिहायला कोणाची मान्यता लागत नाही, म्हणून मी तिथे दिसतं ते सगळं लिहायला लागले. तळाशी काळे कण. कागदावरील डाग असमान. गाळाची तपासणी करून घ्यावी. साहेब कधी शेवटचं वाक्य काढतात, कधी राहू देतात. यावरून आमचं अजून भांडण होतं, आणि मी ते टाळत नाही.

चौकशीचा निकाल काय लागला ते मला त्या माणसाकडूनच कळलं. सात-आठ महिन्यांनी वाडी नाक्यावर सिग्नलला माझी स्कूटी थांबली होती, तो शेजारी मोटरसायकलवर होता. मागे बायको, मांडीवर भाजीची पिशवी. त्याने मला स्कूटी बाजूला घ्यायला लावली. एका पंक्चरच्या दुकानासमोर आम्ही उभे राहिलो.

निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही, असं निकालात होतं. त्याला कामावर परत घेतलं. पण तेल खराब असल्याचं त्याने वरिष्ठांना लेखी कळवलं नाही, एवढा दोष त्याच्यावर ठेवला, आणि बॉयलरवरून काढून पुठ्ठ्याचे गठ्ठे बांधायच्या विभागात टाकलं.

"लेखी?" मी म्हणाले. "तुम्ही नोंदवहीत पाच वेळा लिहिलं होतं."

"ते वही सापडून नाई राहिली म्हणे."

"आणि खरेदीवाले? ज्यांनी तेल आणलं?"

"त्यायले कोन विचारते जी."

"मग तुम्ही अपील करा. माझी साक्ष आहे ना. मी पुन्हा येते, कुठेही येते."

त्याची बायको पुढे आली. ती म्हणाली, "यानं सही करून देली बाई. काई तक्रार नाई म्हणून. पोरीचं लग्न होतं."

मला इतका राग आला की क्षणभर मला त्याच्यावरच ओरडावंसं वाटलं. बावीस वर्षं ज्या हातांनी आग सांभाळली ते हात आता सुतळी बांधत होते, आणि वर त्याच हातांनी लिहून दिलं होतं की तक्रार नाही. त्याला ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"मॅडम, तुमी काहून तरास करून घेता," तो म्हणाला. "तुमी बोलल्या ते टाइप झालं ना. माझी चूक नव्हती असं कागदावर हाय. माझ्या पोरांले मी ते वाचून दाखवलं."

बायकोने मला घरी चहाला बोलावलं, मी पुन्हा कधीतरी येईन म्हणाले. ते दोघे गोदामांच्या गल्लीत वळले. तो समाधानी होता, किंवा मला तसं वाटावं म्हणून तो तसा वागला. पण कपाटात बंद असलेल्या एका फाइलमध्ये चार ओळी खऱ्या टाइप झाल्या आणि तो माणूस अजून गठ्ठे बांधतो, हे मला पुरेसं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.